पान हाताला आलं त्या शनिवारी

“धुकं आत येऊ दे, ओर्फा, आणि मग दारं लावून घे. एकदा आत आलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. दोन-चार दिवस पान तुझी वाट बघेल.”

तिचा नवरा डेलमार हे कोठाराच्या सगळ्यात वरच्या वाशांवर पाय फाकून उभा असताना सांगायचा, आणि खालून ओर्फाला त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसायचे. चाळीस वर्षं, दर थंडीच्या तोंडाला, हेच. जणू ती कालच लग्न होऊन आली होती आणि तिच्या बापाने आयुष्यात तंबाखूचं पान पाहिलं नव्हतं. “ठाऊक आहे रे बाबा,” ती मान वर करून म्हणायची. दोन वर्षांपूर्वी डेलमार त्याच वाशांवरून खाली पडला तो पुन्हा काही बोललाच नाही. तेव्हापासून सकाळची प्रार्थना संपवून गुडघ्यांवरून उठताना ओर्फाला हे वाक्य हटकून ऐकू यायचं, आणि ती हळूच म्हणायची, “ठाऊक आहे.”

त्या वर्षी मात्र आत यायला धुकंच नव्हतं. केंटकीच्या त्या टापूत जूनपासून धड पाऊस नाही. ऑक्टोबर अर्धा होत आला तरी टेकड्यांवरचं गवत पाचोळ्यासारखं करकरत होतं. ऑगस्टअखेरीस कापून काठ्यांवर ओवलेली तंबाखूची ताटं सगळ्यांच्या कोठारांत पाच पाच मजल्यांनी लटकून वाळली होती. पण कोरड्या हवेत त्या पानाला बोट लावलं की पापडासारखा चुरा. हवेत ओल यावी लागते. मग पान हातमोज्याच्या चामड्यासारखं मऊ पडतं. ‘पान हाताला आलं’ म्हणतात त्याला, आणि ते आलं की त्या मुलखात दुसरं कुठलंच काम नसतं. सगळे एकमेकांच्या कोठारांत सावडीने उतरतात. आज तुझं, उद्या माझं. सावडीत परतफेड काय ते कुणी विचारत नाही, आणि विचारणं बरंही दिसत नाही.

ओर्फा चुकली ती इथेच.

सप्टेंबरात चर्चची अकरा माणसं तिचं पीक कोठारात चढवायला आली होती. काम आटोपून घाम पुसता पुसता एमोरी पॅक म्हणाला होता, “वहिनी, पुढच्या महिन्यात खासदार येणार आहेत. तंबाखूवर नवा कर घालायचं चाललंय. तू दोन शब्द बोल. डेलमारची बायको बोलली की वजन पडेल.” एमोरी डेलमारचा चुलतभाऊ, चर्चचा कारभार बघणारा डीकन, तंबाखू उत्पादक मंडळाचा अध्यक्ष. ओर्फाने न विचारता मान हलवली. सावडीत मान हलवायचीच असते.

तो कर कशासाठी, हे तिला पुढे तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच वाटेने.

तिची मुलगी टेसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. नवरा सोडून गेल्यापासून टेसा आणि तिची आठ वर्षांची मुलगी हॅडली ओर्फाकडेच राहतात. हॅडलीला पाचव्या वर्षी मधुमेह निघाला. दिवसाला चार सुया. त्या सुया, ती औषधं, महिन्याचा डॉक्टर, हे सगळं एका कार्डावर चालतं. ज्यांच्या घरी नोकरीचा विमा नाही पण जे अगदी गरिबांतही मोडत नाहीत, त्यांच्या मुलांसाठी सरकारचं कार्ड. टेसाने उन्हाळ्यात जास्तीच्या पाळ्या घेतल्या आणि तिचा पगार मर्यादेच्या केसभर वर गेला. पत्र आलं: डिसेंबरअखेर कार्ड बंद.

टेसा ते पत्र धरून स्वयंपाकघरात उभीच राहिली. “मी काम केलं म्हणून, आई. काम केलं म्हणून!”

दवाखान्यातल्या नर्सने समजावून सांगितलं, की वॉशिंग्टनला एक कायदा अडकलाय. तो झाला तर मर्यादा वर सरकेल, हॅडलीसारख्या पुष्कळ मुलांचं कार्ड राहील. राष्ट्राध्यक्षांनी तो परत पाठवलाय. येत्या गुरुवारी पुन्हा मतदान आहे, आणि या वेळी दोन-तृतीयांश मतं लागतील. “पैसा कुठून आणणार आहेत?” ओर्फाने विचारलं. नर्सने तिच्या हातांकडे पाहिलं. तंबाखूच्या चिकाचे ते काळे डाग वर्षभर धुतले तरी निघत नाहीत. “सिगारेटच्या पाकिटावर कर,” नर्स ओशाळून म्हणाली.

ओर्फाचा एक नेम होता. हॅडलीचं दुखणं निघाल्या दिवसापासून सकाळी त्या पोरीच्या रक्तातल्या साखरेचा आकडा कळल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे, आणि पोरीला जे गोड चालत नाही ते तिनेही सोडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण आजीला ‘मॅमॉ’ म्हणणाऱ्या त्या पोरीच्या नजरेतून काय सुटतं?

शुक्रवारी सकाळी हॅडलीने बोटाला टोचून घेतलं, यंत्रावर थेंब टेकवला, आणि जाहीर केलं, “एकशे बेचाळीस! मॅमॉ, घे, खा आता. तुझं पोट मघापासून गुरगुरतंय, मला ऐकू येतंय.”

“माझं नाही, मांजराचं असेल.”

“आपल्याकडे मांजर नाहीये.” मग तिने टेबलावरचा टाईप केलेला कागद ओढला. एमोरीने पाठवलेलं भाषण. ती शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचू लागली. “‘मी एका तंबाखू शेतकऱ्याची विधवा आहे. माझ्या दिवंगत पतीच्या घामावर हा कर...’ दिवंगत म्हणजे?”

“गेलेला.”

“पॅपॉला घाम यायचा खरा. शर्टावर नकाशे उमटायचे.” तिने कागद उलटा केला, मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला. “यात माझं नाव नाहीये?”

“नाही गं.”

“पण हा कर माझ्या सुयांसाठीच आहे ना? आई फोनवर बोलत होती.”

ओर्फाने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला होता, तो ताटलीत परत ठेवला. “हॅडली,” ती म्हणाली, “हा कागद मी वाचणार नाही.”

“मग काय वाचणार?”

“ते मला अजून माहीत नाही.”

दुपारी उन्हं कलल्यावर एमोरी स्वतःच आला. ओर्फा कोठाराच्या बाजूच्या उभ्या झडपा एकेक करून उघडत होती. सकाळपासून तिचे गुडघे सांगत होते की हवा बदलणार. एमोरी गाडीतून उतरून आभाळाकडे बघत आला.

“उद्या धुकं येतंय बघ, वहिनी. पण आलं तर दुपारनंतर यावं. सकाळी दहाला सभा आहे, ऐंशी खुर्च्या मांडल्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. कागद पाठ झाला का?”

“वाचला.”

“नुसता वाचून उपयोग नाही. दुसऱ्या परिच्छेदाला जरा गळा दाटून यायला हवा.”

“एमोरी, मी तो वाचणार नाहीये. तुला आधी सांगावं म्हणून थांबले होते, नाहीतर मीच तुझ्याकडे निघाले होते.”

एमोरी हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. “हॅडलीच्या कार्डाचं कळलं मला. आमची नीव्हा सांगत होती. वाईट झालं. चर्चमधून काढू आपण काहीतरी. केक विकू, जेवण ठेवू.”

“दर महिन्याला केक विकणार? ती अठरा वर्षांची होईपर्यंत?”

“पण म्हणून पिकावर कर?”

“पिकावर नाही. पाकिटावर. तू मला सांगितलं नाहीस ते.”

“पाकिटं कमी खपली की पान कमी जाईल. एवढं कळत नाही?”

“कळतं. गेली तीन वर्षं सिगारेटची कंपनी आपल्याकडून पान कमी उचलते आणि समुद्रापलीकडून आणते, तेव्हा कुठला कर होता रे? तेव्हा खासदारांना बोलावलं होतंस हॉलमध्ये?”

एमोरीने टोपी काढली आणि काठ चाचपत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. डेलमारला खाली पडलेला पहिल्यांदा त्यानेच पाहिला होता आणि ओर्फा येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. “उद्या मागच्या रांगेत कंपनीचा माणूस बसणार आहे,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “पुढच्या सालचे करार त्याच्या हातात. या खोऱ्यातली सोळा घरं आहेत, वहिनी. मी सोळा घरांचं बघतोय. तू एकीचं बघतेस.”

“एकीचं बघायला आणखी कुणी नाही म्हणून.”

“मग निदान बोलू नकोस. नुसती बस.” ओर्फाने पुढची झडप उघडली. तसा तो गाडीकडे वळला, आणि दार उघडता उघडता, तिच्याकडे न बघता म्हणाला, “अकरा माणसं चढली होती तुझ्या वाशांवर. उतरवायलाही येतीलच, असं मी त्यांच्या वतीने सांगू शकत नाही.”

“तू सांगू नकोस. ज्याला यायचं तो येईल.”

गाडी गेली.  तिने शेवटची झडप उघडली आणि कठड्याला धरून तिथेच डोळे मिटून उभी राहिली. देवाकडे तिने पाऊस मागितला नाही, पीकही मागितलं नाही. उद्या आपले पाय थरथरले तरी चालतील, पण ते उभे राहावेत, एवढंच मागितलं.

शनिवारी पहाटे दार उघडलं तर पायरी दिसेना. नदीवरून धुकं असं उठलं होतं की कुंपणाचे खांब त्यात बुडून गेले होते. कोठारात जाऊन तिने खालच्या काठीवरचं एक पान दोन बोटांत धरलं. चुरा झाला नाही. अजून पुरतं हाताला आलं नव्हतं, पण येत होतं. दुपारपर्यंत येणारच.

आणि हे पान एकट्या ओर्फाच्या कोठारात येत नव्हतं.

दहा वाजता हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या आणि तंबाखूवाले मोजून सात. बाकी सगळे आपापल्या कोठारांत. ज्या माणसांच्या गर्दीवर एमोरीची सगळी मदार होती, ती माणसं चार महिने वाट पाहून आलेलं धुकं सोडून खासदार बघायला येणार थोडीच! खुर्च्या भरल्या होत्या त्या बायकांनी. कडेवर मुलं, हातात झाकलेली भांडी, कारण सभा म्हटली की जेवण आलंच. घेवड्याचा आणि कांद्याचा वास दरवळत होता. पाद्रीबुवांनी सुरुवातीची प्रार्थना धरली तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. एमोरीचे मात्र खिडकीबाहेर होते. त्याच्या स्वतःच्या कोठारात पान मऊ पडत होतं आणि तो टाय बांधून इथे अडकला होता.

खासदार लाँगले उंच, नीटनेटके, शेतात जायचे बूट मुद्दाम घालून आलेले. बोलायला गोड. “मुलांच्या आरोग्याच्या विरोधात कोण असेल? मला स्वतःला तीन आहेत. पण वॉशिंग्टनमधली मंडळी पैसा काढणार कुठून? केंटकीच्या तंबाखू शेतकऱ्याच्या पाठीवरून! म्हणून मी विरोधात मत दिलं, आणि गुरुवारी पुन्हा देणार.” टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत निळ्या सदऱ्यातला कंपनीचा माणूस नुसता बसून होता.

एमोरीने यादी वाचायला घेतली. एक बोलला, दुसरा बोलला. तिसरा म्हातारा व्हर्जिल टॅकेट, त्याने लांबण लावली. मग एमोरीने यादीची घडी घातली. “वेळ कमी आहे, बाहेर हवा बघताच आहात, तर आपण आता...”

ओर्फा उभी राहिली.

“वहिनी, यादी संपली.”

“यादीत माझं नाव होतं, एमोरी. तूच लिहिलं होतंस.”

बायकांत खसखस पिकली. खासदारांनी हसून हात पुढे केला, “बोलू द्या की ताईंना.”

“मी ओर्फा स्टँपर. डेलमारची बायको. चाळीस हंगाम तंबाखू पिकवलीय.”

“मोठ्याने बोल!” व्हर्जिल मागून ओरडला. “ऐकू येत नाही!”

“मी याहून मोठ्याने बोलत नाही, व्हर्जिल. तू जरा गप्प बस, म्हणजे येईल ऐकू.”

हॉल हसला, आणि मग खरोखरच गप्प झाला.  तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“माझी नात हॅडली. आठ वर्षांची. दिवसाला चार सुया घेते आणि रडत नाही; मीच रडते, तेही बाहेर जाऊन. तिची आई म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. उन्हाळ्यात तिने जास्त म्हाताऱ्यांना आंघोळ घातली, म्हणून पोरीचं कार्ड बंद होणार आहे. टेसा घरी पाय पसरून बसली असती तर कार्ड राहिलं असतं. खासदारसाहेब, हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. पण ते बदलणाऱ्या कायद्याला तुम्ही नाही म्हणालात, ते मात्र आत्ता सगळ्यांनी ऐकलं.”

“स्वतः पिकवायचं आणि वर कर लावा म्हणायचं!” पुन्हा व्हर्जिल. “हे कुठलं शहाणपण?”

“तंबाखूनेच माझ्या घरची चूल चालवली, व्हर्जिल. आणि तंबाखूनेच माझा बाप खोकून खोकून नेला. दोन्ही खरंच आहे, मी कशालाच खोटं म्हणायला उभी नाही. पण त्या पाकिटातून सगळ्या जगाने काढून घेतल्यावर चार पैसे पोरांच्या औषधाला निघत असतील, तर ते नकोत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ते ‘शेतकऱ्यासाठी’ नकोत म्हणे! बरं, इथे जे तंबाखूवाले आहेत त्यांना विचारते. कंपनीने तुमच्यापैकी कुणाच्या पोरांना विमा दिलाय? हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. निळ्या सदऱ्याने पाय बदलला.

“मग आपल्या पोरांना ताप येतो, हात मोडतो, दमा होतो, तेव्हा दवाखान्यात काय दाखवता? मी सव्वीस वर्षं चर्चच्या पाळणाघरात रविवारी तुमची पोरं सांभाळते. त्यांच्या पिशव्या माझ्याच हातात असतात. औषधं असतात, दुपटं असतं, आणि काही अडलं तर असावं म्हणून आयांनी ठेवलेलं कार्ड असतं. कुणाच्या पिशवीत कार्ड आहे, ते मला माहीत आहे.”

बायकांनी पायाशी ठेवलेल्या पोरांच्या पिशव्या हळूच जवळ ओढल्या. सरकारचं काही घेतो असं त्या मुलखात कुणी कधी बोलत नाही. शेजाऱ्याकडून बैल घेतील, माणसं घेतील, सरकारचं कार्ड मात्र दुपट्यात गुंडाळून ठेवतील.

“नावं सांगा मग!” सात जणांतला एक तरुण उसळून म्हणाला. “हवेत गोळ्या कशाला?”

“नावं मी सांगणार नाही.” ओर्फाचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “ती विश्वासाने दिलेली आहेत. ज्याचं त्याने सांगावं.”

व्हर्जिल आता ओरडत नव्हता. तो आपल्या टोपीत काहीतरी शोधत असल्यासारखा खाली बघत होता.

खासदारांनी घड्याळ पाहिलं आणि समजूतदारपणे मान डोलावली. “ओर्फाताई, तुमच्या नातीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण एक घर म्हणजे मतदारसंघ नव्हे. मी शेतकऱ्यांचं ऐकतो. मला दहा तंबाखूवाले दाखवा, स्वतःची जमीन, स्वतःचा करार असलेले, जे आपल्या सहीने म्हणतील की हा कर येऊ दे. बुधवारी संध्याकाळपर्यंत. दहा! मी मत बदलीन.”

खासदार हसले, आणि पुढच्या रांगेतले दोघे-तिघे त्यांच्याबरोबर हसले. तंबाखूच्या करासाठी तंबाखूवाल्यांच्या दहा सह्या!

“सगळ्यांसमोर बोललात,” ओर्फा म्हणाली.

“सगळ्यांसमोर बोललो.”

“मग मीही सगळ्यांसमोर शब्द देते. आणीन.” ती वळली. “एमोरी, पेन दे.”

एमोरी तसाच उभा राहिला. मग, का कोण जाणे, त्याने खिशातलं पेन काढून तिच्या हातात ठेवलं. तिने पर्समधून त्याचंच भाषण काढलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूला कराबद्दलची एक ओळ लिहिली आणि खाली सही केली. ओर्फा स्टँपर. एक.

“इकडे आण तो कागद,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. एमोरीची बायको नीव्हा, मांडीवर घेवड्याचं भांडं घेऊन बसलेली.

“नीव्हा!” एमोरी म्हणाला. “जमीनवाल्यांच्या सह्या आहेत त्या.”

“जमीन कुणाच्या बापाची आहे, एमोरी? करारावर दरसाल सही कोण करतं, सांग की साहेबांना.”

“नीव्हा, बस खाली.”

“बसलेच आहे. बसूनच सही करते.” तिने भांड्याच्या झाकणावर कागद ठेवून ऐसपैस सही केली. बायकांतून आधी एकीचा हुंकार आला, मग हॉलभर हसण्याची लाट गेली. खासदार तेवढे या वेळी हसले नाहीत. पेन परत देताना नीव्हाने ओर्फाची बोटं क्षणभर दाबली. तिच्या नातवाच्या पिशवीत दम्याचा निळा फवारा असतो आणि फवाऱ्याखाली काय असतं, ते ओर्फाला ठाऊक होतं. तिने मान वर केली नाही.

सातांपैकी कुणी उठलं नाही. कंपनीचा माणूस बघत होता. सभा लवकर आटोपली. जेवायला कुणी थांबलं नाही, सगळ्यांना कोठारं बोलावत होती.

ओर्फा घरी आली तेव्हा हॅडली कोठाराच्या दारातच उभी होती. “मॅमॉ, एकशे अठरा! आणि पान आलंय. मी हात लावून पाहिलं. फाटत नाहीये.”

खरंच आलं होतं. पाच मजले भरून तपकिरी, ओलसर, जड पानं स्तब्ध लटकत होती आणि त्यांचा तो गोडसर वास कोठारभर दाटला होता. वर्षातली हीच वेळ. अंगणात एकाही माणसाची गाडी नव्हती. हॉलमधली बातमी तिच्याआधी खोऱ्यात पोचलेली असणार.

“कुणी येणार नाही का उतरवायला?”

“आज नाही.”

“मग आपण दोघी खालच्या काठ्या काढू? मला येतं.”

ओर्फाने एक पान तळव्यावर पसरून पाहिलं. सोमवारी ऊन पडलं की हे सगळं पुन्हा पापड होणार. हात शिवशिवत होते. चाळीस वर्षांची सवय तिला आतल्या वाशांकडे ओढत होती, आणि कोटाच्या आतल्या खिशात तो कागद होता, दोन सह्यांचा. आठ बाकी. आज त्या खोऱ्यातला एकूण एक तंबाखूवाला कुठे सापडेल, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. बुधवारपर्यंत असा दिवस पुन्हा मिळायचा नव्हता.

ती कोठाराच्या बाजूने चालत गेली आणि झडपा लावू लागली. एकेक. कड्या घट्ट बसल्या की नाही ते हाताने दाबून बघत. धुकं आत होतं, ते आतच राहिलं. शेवटी दोघींनी मिळून मोठं दार ओढलं आणि अडसर घातला.

“आता?” हॅडली म्हणाली.

“आता हे वाट बघेल. तू घरात जा, रात्रपाळी करून झोपलेली आई उठेल एवढ्यात. तिला सांग, जेवायला थांबू नको.”

“तू कुठे चाललीस?”

“व्हर्जिलकडे.”

“तो ओरडतो.”

“ओरडू दे. कोठारात माणूस वर चढलेला असतो, त्याला पळता येत नाही.”

हॅडली खुदकन हसली आणि घराकडे धावली. ओर्फाने कागदाला ओल लागू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी पुन्हा कोटात ठेवली, बटणं गळ्यापर्यंत लावली. मागच्या रविवारी व्हर्जिलच्या दोन्ही जुळ्या नाती तिच्या मांडीवर झोपल्या होत्या. एकच पिशवी, दोघींची दोन कार्डं. त्याबद्दल ती त्याला एक अक्षर विचारणार नव्हती. कागद पुढे करणार होती आणि तो खाली उतरेपर्यंत थांबणार होती.

कुंपणापलीकडे धुक्यात कुणाच्या तरी कोठारातून वरून खाली हाका चालल्या होत्या, काठ्या हातोहात उतरत होत्या. त्या आवाजाच्या रोखाने ओर्फा हळूहळू चालू लागली.